१४ हजार वस्तीच्या गावात आईस हॉकी हाऊसफुल्ल, आणि पुण्यात टीम टिकत नाही, असं का?

परतीचा_पुणेकर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे पण डोक्यातून जात नाहीये म्हणून टाकतोय.

मी दीड वर्ष कामानिमित्त अमेरिकेत हॅरिसबर्गला होतो, आता परत बाणेर. तिथून गाडीनं जेमतेम अर्ध्या तासावर हर्शी म्हणून गाव आहे, तेच ते चॉकलेटवालं. वस्ती १४ हजारच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या दोनचार मोठ्या सोसायट्या एकत्र केल्या की तेवढी माणसं होतील. आणि या गावाची स्वतःची आईस हॉकी टीम आहे, हर्शी बेअर्स. ती एनएचएलमधे, म्हणजे तिकडच्या सगळ्यात मोठ्या आईस हॉकी लीगमधे नाही, एक पायरी खालच्या एएचएलमधे खेळते, म्हणजे यातलं एखादं पोरगं चांगलं खेळायला लागलं की एनएचएलमधली वॉशिंग्टन कॅपिटल्स त्याला वर उचलून नेणार हे गावात सगळ्यांना माहीत आहे, तरी साडेदहा हजारांचं स्टेडियम शनिवारी गच्च. मला आईस हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, ऑफिसमधल्या एकानं तिकीट दिलं म्हणून गेलो आणि मग जातच राहिलो. जानेवारी २०२५ ला त्यांचा टेडी बेअरचा दिवस होता. आपल्या टीमचा पहिला गोल झाला की प्रेक्षक बर्फावर सॉफ्ट टॉईज फेकतात, ती सगळी नंतर गोळा करून संस्थांना वाटतात. त्या दिवशी १ लाख २ हजार ३४३ पडली. त्यातली ६ आमची, दोन बायकोनं फेकली, बाकीची माझ्या मुलीनं, आणि ती घरी येईपर्यंत हेच बोलत होती की तिचा पिवळा बेअर कुठल्या मुलाला मिळाला असेल.

आता परत आल्यावर वाटतं की आपल्याकडे माणसं आहेत, पैसा आहे, खेळाची आवड आहे. मग पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३, सुपरजायंट दोन सीझन (ती तर दोनच वर्षांसाठी होती, मान्य), फुटबॉलमधे पुणे एफसी गेली, एफसी पुणे सिटी गेली. तिकडच्या छोट्या टीम पण बुडतात असं ऐकलंय, मग कुठली टिकते आणि कुठली बुडते हे ठरवतं कोण? गाव? लीग? मालक? ज्यांना माहिती आहे त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

ताळेबंद

चांगला प्रश्न. मी धंद्याच्या बाजूनं बघतो त्यामुळे तेवढंच सांगतो.

एएचएलमधे सीझनला ७२ मॅचेस, घरच्या ३६. म्हणजे वर्षभराचा गल्ला तुम्हाला ३६ रात्रींत जमवायचाय, आणि त्यातल्या शुक्रवार शनिवारच्या किती मिळतात यावर अर्धा खेळ ठरतो, कारण मंगळवारी रात्री पोरांची शाळा सोडून कोण येणार. आता या रात्री देतो कोण, तर स्टेडियमचा मालक. तो जर दुसराच कोणी असेल तर चांगले शनिवार कॉन्सर्टला जातात, आणि पार्किंग, बिअर, खाणंपिणं यातला मोठा वाटा पण त्याचाच. टीमच्या हातात राहतं फक्त तिकीट. तिकिटावर टीम चालत नाही हो, तिकीट हे फक्त माणसाला दारात आणण्यासाठी असतं.

हर्शीचं वेगळेपण इथंच आहे. टीम, स्टेडियम, बाजूचं अम्युझमेंट पार्क, हॉटेल हे सगळं एकाच कंपनीच्या हातात आहे. भाडं एका खिशातून दुसऱ्या खिशात. टीम १९३८ पासून त्याच गावात आणि त्याच लीगमधे खेळतेय, एएचएलमधे एवढी जुनी दुसरी नाही. आजोबांनी नातवाला आणायचं, त्या नातवानं त्याच्या पोराला, असं चालू आहे.

दुसरी गोष्ट पगार. एएचएलमधे खेळाडू आणि कोच यांचा खर्च बहुतेक ठिकाणी वरची एनएचएल टीम उचलते. त्याच्या खालच्या ईसीएचएलमधे बराचसा भार क्लबवरच. तिथं मग बसचं अंतर, हॉटेलच्या खोल्या, काठ्या किती मोडल्या इथपर्यंत हिशोब जातो. जवळजवळची गावं असतील तर रात्री मॅच संपवून परत येता येतं, लांब असतील तर प्रत्येक दौऱ्याला पंचवीसेक माणसांची राहायची सोय. लीगचा नकाशा ताणला की आधी गरीब टीम मरते आणि ती मेली की बाकीच्यांची अंतरं अजून वाढतात.

आणि जिंकणं? ऑरलँडो सोलर बेअर्सनं २००१ ला आयएचएल या दुसऱ्या लीगचा कप जिंकला आणि त्याच उन्हाळ्यात टीम बंद, कारण लीगच बंद पडली. ती लीग १९४५ पासूनची, मध्यपश्चिमेतल्या कारखान्यांच्या गावांत नीट चाललेली. नव्वदच्या दशकात तिला लॉस एंजेलिस, लास वेगास असली मोठी शहरं हवीशी वाटली. खर्च वाढला, विमानं आली, आणि मोठ्या शहरातल्या माणसाला संध्याकाळी करायला दुसरं शंभर असतं. शेवटी फक्त ६ टीम एएचएलमधे गेल्या, बाकीच्या बहुतेक संपल्या.

फ्रेझर_नदीकाठ

मूळ सदाशिव पेठ, आता ११ वर्षं कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात. ताळेबंद यांचं सगळं बरोबर आहे पण आमच्या शेजारच्या ॲबट्सफर्डचं उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिथं तेच गाव, तेच स्टेडियम, तीच लीग आणि निकाल पूर्ण उलटा.

२००९ ला तिथं ॲबट्सफर्ड हीट आली. ही टीम कोणाची, तर एनएचएलमधल्या कॅल्गरी फ्लेम्सची. आता ॲबट्सफर्ड व्हँकुव्हरपासून तासाभरावर, घराघरात एनएचएलच्याच व्हँकुव्हर कॅनक्सचे झेंडे, आणि कॅल्गरी म्हणजे कट्टर प्रतिस्पर्धी. म्हणजे असं समजा की मुंबई इंडियन्सची ज्युनियर टीम चेन्नईत आणून बसवली आणि लोकांना सांगितलं की या पोरांसाठी ओरडा, मोठी झाली की तुमच्याच विरुद्ध खेळतील. कोण ओरडणार? त्यात महापालिकेनं करारात वर्षाला ५७ लाख डॉलरच्या उत्पन्नाची हमी देऊन ठेवलेली, कमी पडेल ते करदात्यांनी भरायचं. खुर्च्या रिकाम्या आणि बिल नागरिकांना. २०१४ ला पालिकेनं अजून ५५ लाख डॉलर मोजून करार मोडला आणि टीम गेली. लोक म्हणायला लागले या गावात हॉकी चालत नाही.

मग २०२१ ला त्याच जागी ॲबट्सफर्ड कॅनक्स आली, म्हणजे व्हँकुव्हरचीच ज्युनियर टीम. आज खाली खेळणारा मुलगा पुढच्या आठवड्यात टीव्हीवर आपल्या टीमकडून दिसतो, गावाला बघायला कारण मिळालं. इकडे पंजाबी वस्ती खूप आहे, हॉकीची कॉमेंट्री पंजाबीत सुद्धा होते, आणि या टीममधे जवळच्याच सरे शहरातला अर्शदीप बैन्स खेळला. मी मॅचला गेलो तेव्हा मागच्या रांगेत एक आजोबा पगडी घालून बसलेले, नातवाला सांगत होते की बघ हा आपल्या बाजूचा मुलगा. २०२५ ला याच टीमनं एएचएलचा कॅल्डर कप जिंकला. गाव तेच हो, माणसं तीच.

म्हणून मला मार्केट छोटं का मोठं हा प्रश्नच अर्धवट वाटतो. टीम कोणासाठी आणली, गावासाठी का वरच्या मालकाच्या सोयीसाठी, ते आधी बघावं. २०१५ ला पाच एनएचएल टीमनी आपल्या एएचएल टीम कॅलिफोर्नियात नेल्या, खेळाडू पटकन वर बोलावता यावेत म्हणून. त्यांच्या दृष्टीनं योग्यच. पण त्यातली एक मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरची, तिथलं स्टेडियम त्यामुळे दोन वर्षं हॉकीशिवाय राहिलं, २०१७ ला खालच्या लीगमधली नवी टीम येईपर्यंत. त्या गावाची काय चूक होती?

विंडी_सिटी_रिटर्न

थोडा विरोध करतो. मोठ्या शहरात चालतच नाही असं नाही. शिकागो वुल्व्स १९९४ पासून आहे, आयएचएल बुडाली त्यातून वाचली, आज एएचएलमधे आहे. विमानतळाजवळ उपनगरात स्टेडियम, पार्किंग सोपं, फॅमिलीला परवडेल असं तिकीट. आणि तेव्हा शिकागोची मोठी टीम ब्लॅकहॉक्स घरच्या मॅचेस लोकल टीव्हीवर दाखवतच नव्हती, मालकाचं म्हणणं की फुकट दाखवलं तर तिकीट कोण घेईल. वुल्व्सनी आपल्या मॅचेस टीव्हीवर दाखवल्या. ज्या घरात हॉकी दिसत नव्हती तिथं ते शिरले. मोठ्या शहरात अशी एखादी फट सापडली तर टीम जगते.

बालेवाडी_पूर्व_स्टँड

मी पुणे एफसीच्या मॅचेस बघितल्यात, कॉलेजला होतो तेव्हा. २०१२-१३ ला आपण आय-लीगमधे दुसरे आलो होतो, किती पुणेकरांना माहीत आहे? मी आणि माझा मित्र दर घरच्या मॅचला, कधी कधी आख्ख्या स्टँडमधे आम्ही मोजता येतील एवढीच माणसं, खेळाडू आम्हाला चेहऱ्यानं ओळखायचे, मॅच संपल्यावर हात करायचे. हडपसरहून बालेवाडीला यायचं म्हणजे दोन बस, आणि परत जाताना हायवेवर अंधारात उभं राहायचं, पावसाळ्यात तर विचारू नका. वरती लिहिलंय ना पार्किंग सोपं, ते वाचून गलबलून आलं. माणसाला तुमची टीम आवडत असली तरी रात्री घरी पोचायचं असतं.

आणि मग २०१४ ला त्याच मैदानावर दुसरी टीम आली, एफसी पुणे सिटी, मोठ्या लीगची, मोठे स्टार, मोठे बोर्ड. वर्षभरात जुनी संपली. मी नव्या टीमला पण जायला लागलो, मनापासून गेलो, २०१७-१८ ला सेमीफायनलपर्यंत गेलो आपण, बंगळुरूकडून हरलो. वाटलं आता जमलं. २०१९ ला टीम हैदराबादला. दोन वेळा टीम गमावल्यावर तिसऱ्यांदा जर्सी घ्यायला हात धजत नाही. लोक म्हणतात पुणेकर येत नाहीत. जो येत होता त्याला तुम्ही कितींदा सोडून गेलात ते पण सांगा की.

परतीचा_पुणेकर

बालेवाडी, तुमचं वाचून वाईट वाटलं. हर्शीत माझ्या शेजारच्या सीटवर एक बाई असायच्या, सत्तरीच्या, त्यांना मी एकदा विचारलं की खेळाडू दरवर्षी बदलतात मग तुम्ही कोणासाठी येता. त्या म्हणाल्या मी माझ्या सीटवर येते.

कोमेट_ग्रॅज्युएट

मी दोन वर्षं इंडियानात फोर्ट वेनला शिकायला होतो, बालेवाडींच्या दुखण्याशी जुळणारी गोष्ट आहे म्हणून लिहितोय. तिथली टीम फोर्ट वेन कोमेट्स, १९५२ पासूनची. १९९० ला मालकानं टीम उचलून न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीला नेली. गावात शोककळा. पण फ्रँकी नावाचं एक स्थानिक कुटुंब पुढे आलं, त्यांनी मिशिगनमधल्या फ्लिंटची टीम विकत घेतली, फोर्ट वेनला आणली आणि जुनंच नाव दिलं, कोमेट्स. म्हणजे एकही सीझन चुकला नाही. आणि ऑल्बनीला गेलेली? पहिलाच सीझन पूर्ण झाला नाही, मधेच बंद.

त्यानंतर कोमेट्स ज्या ज्या लीगमधे होती त्या एकामागून एक बंद पडल्या किंवा विलीन झाल्या, आज ईसीएचएलमधे आहे. लीग मेल्या, टीम जिवंत. तिथल्या लोकांना लीगचं नाव विचारलं तर आठवून सांगतात, कोमेट्सचं विचारलं तर आजोबांपासून सुरुवात. ३१ डिसेंबरला मॅच ठरलेली, वर्षाचा शेवट तिथंच करायचा अशी रीत. मी पण एक ३१ डिसेंबर तिथं काढला, थंडीत जीव जात होता, बाहेर बर्फ आणि आत आठनऊ हजार माणसं, पुण्याची आठवण आली नाही असं पहिल्यांदाच झालं.

पण फ्लिंटकरांचं काय झालं हे कोणी विचारत नाही, त्यांची टीम गेलीच ना. हे पण लक्षात ठेवायला हवं.

रंकाळ्याचा_भावा

एवढं सगळं अमेरिकेचं वाचलं, आता जरा खाली बघा की मंडळी. स्वारगेटपासून पाच तासांवर कोल्हापूर आहे. शाहू स्टेडियमला फुटबॉल लीगची मॅच असली की पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल, सगळ्या तालमीच्या टीम. वर कुठली मोठी टीम नाही, टीव्ही नाही, तरी स्टेडियम भरतंय. कारण टीम म्हणजे आमची गल्ली. खेळणारा पोरगा सकाळी दूध आणायला जाताना दिसतो, हरला तर त्याला लोक रस्त्यात थांबवून विचारत्यात की ती फ्री किक वरून का मारलीस. बाहेरचे, परदेशी खेळाडू पण आणत्यात, पण जर्सी तालमीची म्हटल्यावर तो पण आमचाच. ही टीम हैदराबादला कशी न्यायची सांगा, तालीम उचलून नेणार काय? अनिकेत जाधव २०१७ ला अंडर सेव्हन्टीन वर्ल्ड कप खेळला तो असाच या मातीतला.

आणि क्रिकेटच्या महाराष्ट्र प्रीमियर लीगचं बघा. कोल्हापूर टस्कर्स, रत्नागिरी जेट्स अशी गावांची नावं दिली, चांगलं केलं, पण २०२३ आणि २०२४ दोन्ही सीझन सगळ्या मॅचेस पुण्याजवळ गहुंजेला. रत्नागिरीनं दोन्ही वर्षं कप जिंकला आणि रत्नागिरीत एक मॅच नाही! तिथल्या पोरानं आपली टीम जिंकताना डोळ्यानं बघितलीच नाही. मैदान, लाईट, सगळ्या अडचणी असत्यात, मला कळतंय, पण नाव गावाचं दिलंय तर वर्षाला एक तरी सामना गावात न्या. मग बघा.

ताळेबंद

भावा, तालमीचं उदाहरण फार नेमकं. एक भर घालतो, तालमीकडे पण हर्शीसारखंच आहे, जागा स्वतःची, आणि गणपतीपासून कुस्तीपर्यंत वर्षभर माणसं तिथंच जमतात. खेळ संपला तरी टीम दिसत राहते. पुण्यात खडकीनं धनराज पिल्ले दिला, आणि तरी २०१२ ला वर्ल्ड सिरीज हॉकीत पुणे स्ट्रायकर्स आली ती एका सीझनची पाहुणी, लीगच पुढे झाली नाही. खडकीतल्या पोरांशी तिची ओळख व्हायला वेळ तरी कुठं मिळाला.

परतीचा_पुणेकर

सगळ्यांचे आभार, खरंच खूप शिकायला मिळालं. मी मार्केट मार्केट करत बसलो होतो. रंकाळ्याचा भावा, शाहू स्टेडियमला मुलीला आणायचंय, ९ वर्षांची आहे, गर्दीत चालेल का? आणि तिकीट आधी काढावं लागतं का?

रंकाळ्याचा_भावा

बिनधास्त आणा. पाटाकडील आणि खंडोबाची मॅच सोडून दुसरी कुठली पण धरा, त्या दिवशी लई रेटारेटी असते. तिकीट तिथंच मिळतं. दुपारच्या मॅचला टोपी आणि पाण्याची बाटली ठेवा, उन्हाचा स्टँड आहे. बालेवाडीवाले, तुम्ही पण या त्यांच्याबरोबर, रात्री परत जायची घाई करू नका, आमच्या घरी माडीवर जागा आहे.