मदत हवी आहे: गार ग्रीन टी गढूळ होतो, काय करू?

नमस्कार मंडळी, घरी बर्फ घालून ग्रीन टी करते. पाणी उकळतं न घेता ७५-८० अंशांवर ठेवते, पानं २-३ मिनिटांतच काढते, त्यामुळे कडवट होत नाही. बर्फाने चव पातळ होऊ नये म्हणून पानं दुप्पट घेते. इथवर ठीक.

पण फ्रिजमध्ये ठेवला की चहा गढूळ होतो. गार होताना कॅफीन आणि पॉलिफेनॉल (चहातले तुरट घटक) एकमेकांना चिकटतात म्हणून असं होतं, प्यायला हरकत नाही, हे ठाऊक आहे. पण काचेच्या ग्लासात बघवत नाही हो! पानं गार पाण्यातच रात्रभर फ्रिजमध्ये भिजवली तर हे टळेल का? की चव अगदीच मिळमिळीत लागते?

शिवाय त्यात पुदिना आणि सुकी जास्वंद (बागेतली नव्हे, हिबिस्कस टीची, म्हणजे लाल अंबाडी) घालायची आहे. जास्वंदीला उकळतं पाणी आणि ५-७ मिनिटं हवीत, ग्रीन टीला ते सोसत नाही. मग दोन्ही वेगळे करून गार झाल्यावर मिसळता का? प्रमाण काय घेता? साखर गार चहात लवकर विरघळत नाही, त्यासाठी पाक करून ठेवणं बरं का?

लिंबू मात्र सुचवू नका, ही जास्वंद मुळातच आंबट असते.