धर्म आणि समाज: तरुण संशोधकाला बक्षीस द्यावं की प्रवासखर्च?

गोदाकाठ
धर्माच्या समाजशास्त्रात पीएचडी करणाऱ्यांना परिषदांकडून दोन प्रकारे हातभार मिळतो. एक म्हणजे उत्तम निबंधाचं पारितोषिक. अमेरिकेतल्या 'असोसिएशन फॉर द सोशिऑलॉजी ऑफ रिलिजन'चं मॅकनमारा यांच्या नावाचं विद्यार्थी पारितोषिक किंवा ब्रिटिश समाजशास्त्र संघटनेच्या धर्मविषयक अभ्यासगटाचं पीटर क्लार्क यांच्या स्मरणार्थ असलेलं निबंध पारितोषिक, ही त्यातली ओळखीची नावं. दुसरा प्रकार म्हणजे परिषदेला पोचण्यासाठी प्रवासखर्च आणि नोंदणी शुल्कात सूट.

माझं मत स्पष्ट आहे. पारितोषिकं बंद करावीत आणि तो सगळा पैसा प्रवासखर्चाकडे वळवावा.

पारितोषिक मिळतं ते तयार झालेल्या निबंधाला. निबंध कुठे तयार होतो? जिथे ग्रंथालय चांगलं आहे, गाईड मसुदा वाचतो, इंग्रजी तपासून देणारं कोणी शेजारी आहे, तिथे. म्हणजे आधीच ज्याचं बरं चाललंय त्याच्याच पदरात आणखी भर पडते. याउलट परिषदेला नुसतं जाता आलं तरी कामाचा रोख बदलतो, आणि आपल्या विषयात तर ते फारच खरं आहे. आपल्याच गावच्या देवस्थानावर, आपल्याच पंथावर काम करणाऱ्या मुलीला घरचे विचारतात, 'तू देव मानतेस की नाही?' विभागात विचारतात, 'तू त्यांच्यातलीच, मग तटस्थ कशी राहणार?' फ्रान्समधल्या लूर्द या कॅथलिक तीर्थाच्या यात्रेकरूंवर किंवा मोहरमच्या जुलुसावर काम करणारं कोणी समोर बसलं की कळतं, हाच पेच सगळ्यांपुढे आहे आणि त्यावर लोकांनी काही वाटाही काढल्या आहेत. ही गोष्ट पुस्तकातून इतकी कळत नाही.

जुना_फळा
असहमत, आणि ठामपणे.

आमच्या क्षेत्रात नोकऱ्या नाहीत. भारतात धर्म-अभ्यास असा स्वतंत्र विभाग असलेली विद्यापीठं मोजकीच. मुलं समाजशास्त्रात, इतिहासात, तत्त्वज्ञानात, भाषाविभागात विखुरलेली. मुलाखतीला बसलेल्या तिघांपैकी दोघांना उमेदवाराचा विषय काय आहे हेच नीट ठाऊक नसतं. अशा वेळी 'या निबंधाला अमुक संघटनेचं पारितोषिक मिळालं' ही एक ओळ त्यांना समजते. 'परिषदेला जाऊन आले' ही ओळ सगळ्यांच्याच बायोडेटात असते.

दुसरं, पारितोषिकासाठी कोणीतरी निबंध शेवटपर्यंत वाचतो. परिषदेतल्या सत्रात पंधरा-वीस मिनिटं मिळतात, समोर सात-आठ माणसं, त्यातली निम्मी आपला नंबर कधी येतो याची वाट बघणारी. गंभीरपणे वाचलं जाणं हाच तरुण संशोधकाचा खरा सन्मान आहे. तो काढून घेऊ नका.

सीएचबीवाली
गोदाकाठ, तुमच्या प्रवासखर्चाबद्दलही बोलायला हवं. बहुतेक ठिकाणी तो परिषद झाल्यावर मिळतो. आधी स्वतः खर्च करा, पावत्या जपा, बोर्डिंग पास जोडा, मग केव्हातरी पैसे खात्यात येतील.

हिशेब मांडते. नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, असेल तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये. केंद्रीय विद्यापीठात जेआरएफशिवाय पीएचडी करणाऱ्याला ८,०००. आणि माझ्यासारख्या तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवणाऱ्यांना जितके तास घेतले तितकेच पैसे, सुट्टीत शून्य. युरोपचा व्हिसा म्हटला तर नुसतं शुल्कच जून २०२४ पासून ९० युरो, वर विमा, व्हिसा केंद्राचा आकार, मुंबईच्या खेपा. विमानाचं तिकीट वेगळंच. खात्यात पुरेशी शिल्लक दाखवावी लागते ती निराळी. ज्याच्या घरी दीड-दोन लाख बाजूला काढता येतात त्यालाच ही 'मदत' घेता येते. माझ्या ओळखीत निवड होऊनही न गेलेले लोक आहेत. नकाराचं पत्र लिहिताना कारण म्हणून 'घरगुती अडचण' लिहितात.

तेव्हा पैसा आधी द्या. तिकीट संघटनेने काढावं, राहण्याची सोय संघटनेने करावी. हे होणार नसेल तर बक्षीस काय आणि अनुदान काय, आमच्या दृष्टीने सारखंच.

लीड्सकर
मी इंग्लंडात पीएचडी करतोय, त्यामुळे दुसरी बाजू रोज दिसते. पैसे असूनही व्हिसा नाकारला गेलेले वक्ते जवळपास प्रत्येक परिषदेत असतात. कार्यक्रमपत्रिकेत नाव छापलेलं, खुर्ची रिकामी. प्रवास अनुदानाचा पैसा अशा वेळी तसाच परत जातो. निबंध पारितोषिकाला व्हिसा लागत नाही. नांदेडला बसून पाठवलेला निबंधही जिंकू शकतो. म्हणून जुना_फळा यांच्याशी सहमत.

भीमथडी
नांदेडला बसून पाठवलेला निबंध जिंकू शकतो? कोणत्या भाषेतला?

आंतरराष्ट्रीय धर्म-समाजशास्त्र संघटना १९४८ साली बेल्जियममधल्या लूव्हाँ इथे सुरू झाली, तिच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच. बाकी बहुतेक ठिकाणी फक्त इंग्रजी. मराठीत विचार करून, मराठीत मुलाखती घेऊन, मग शेवटच्या महिन्यात इंग्रजीत उतरवलेल्या निबंधाची स्पर्धा कोणाशी लागते ते बघा. इरावती कर्व्यांनी वारीवर मराठीत लिहिलं ते 'वाटचाल', आणि १९६२ साली त्याचं इंग्रजी रूप अमेरिकेतल्या 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये आलं. आजही परदेशात वारीवर लिहिणारा त्या लेखापासून सुरुवात करतो. तो आधी मराठीत होता म्हणून त्याला धार आली, असं मी मानतो. पण इरावतीबाईंना दोन्ही भाषा हाताशी होत्या. ज्याला एकच आहे त्याने काय करायचं?

त्यामुळे माझी मागणी वेगळी आहे. पारितोषिकाच्या रकमेतला वाटा अनुवादाला द्या. मूळ भाषेत निबंध मागवा, निवडलेल्यांचा अनुवाद संघटनेने करून घ्यावा.

जुना_फळा
भीमथडी, मागणी रास्त आहे, पण मूळ भाषेत निबंध मागवले तर वाचणार कोण? परीक्षक तीन, भाषा तीस. मराठीतून निबंध वाचण्यासाठी मराठी समाजशास्त्र परिषदेसारखी आपली व्यासपीठं आहेत. तिथे बक्षिसं वाढवायला कोणी अडवलेलं नाही.

भीमथडी
मग घरातलं घरात आणि बाहेरचं बाहेर, असंच चालू राहील. माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे.

गोदाकाठ
जुना_फळा सर, गंभीरपणे वाचलं जाण्याबद्दलचा तुमचा मुद्दा मला पटतो, पण त्यासाठी बक्षीस कशाला हवं? आलेल्या प्रत्येक निबंधाला एक पान लेखी अभिप्राय द्या. एकाला पदक आणि बाकीच्यांना दोन ओळींची ईमेल, यात वाचलं गेल्याचा सन्मान एकालाच मिळतो.

पैसा आधी देण्याबद्दल सीएचबीवाली यांच्याशी पूर्ण सहमत. याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण डॉ. आंबेडकरांचं. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेच्या उगमावरचा निबंध वाचला, तेव्हा ते २५ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. त्या खोलीत ते पोचले बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीमुळे, तीन वर्षं महिन्याला साडेअकरा पौंड. निबंध लिहिल्यावर मिळालेला पैसा नव्हता तो.

जुना_फळा
उदाहरण तुमचंच घेतो. ती तीन वर्षांची शिष्यवृत्ती होती, तीन दिवसांच्या परिषदेचं तिकीट नव्हे. चार दिवस परिषदेसाठी पोलंडमधल्या क्राकोला राहून कोणाच्या कामाचा पाया बदलत नाही. तुम्हाला हवी आहे ती दीर्घ मुदतीची फेलोशिप, आणि तिच्यासाठी लढायचं तर शासनाशी, विद्यापीठांशी लढायला हवं. परिषदांच्या तुटपुंज्या निधीकडून ती अपेक्षा करू नका. शिवाय त्या शिष्यवृत्तीला करार होता, परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. पैसा आधी देणारा अट घालतोच. धर्मावर काम करणाऱ्याने तर अटींना दहादा घाबरावं.

लीड्सकर
अटींवरून फिश्टर आठवले. जोसेफ फिश्टर जेझुइट या कॅथलिक संघातले पाद्री आणि समाजशास्त्रज्ञ होते. न्यू ऑर्लिन्समधल्या एका कॅथलिक पॅरिशचा, म्हणजे एका चर्चभोवतीच्या भाविकांच्या वस्तीचा, त्यांनी बारकाईने अभ्यास केला, चार खंड ठरले होते. १९५१ मध्ये पहिला आला, तेव्हा त्या चर्चच्या धर्मगुरूंनी हरकत घेतली. बाकीचे खंड छापलेच गेले नाहीत. आज त्यांच्याच नावाने, गोदाकाठ यांनी सुरुवातीला सांगितलेल्या 'असोसिएशन फॉर द सोशिऑलॉजी ऑफ रिलिजन' या अमेरिकन संघटनेचं संशोधन अनुदान आहे आणि स्त्रिया आणि धर्म या विषयाला त्यात जागा मिळत आली आहे. ती संघटना स्वतः १९३८ साली कॅथलिक समाजशास्त्रज्ञांची म्हणून जन्मली, १९७० मध्ये नाव बदलून सर्वांसाठी खुली झाली. म्हणजे श्रद्धावंतांच्या पैशातून आणि संस्थेतूनही मोकळं काम उभं राहू शकतं, पण त्याला दोन पिढ्या लागतात आणि कोणाचे तरी तीन खंड जातात.

सीएचबीवाली
हे मला माहीत नव्हतं, आणि वाचून फार वाईट वाटलं. आपल्याकडेही देवस्थानाच्या पैशाने होणाऱ्या चर्चासत्रात देवस्थानाच्या हिशेबावरचा निबंध वाचता येईल का, हा प्रश्न विचारूनच पुढे जायला हवं.

पण सर, 'चार दिवसांत पाया बदलत नाही' हे मला मान्य नाही. धर्मांच्या इतिहासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची जागतिक परिषद पाच वर्षांनी एकदा भरते. २०१५ ला जर्मनीत एरफुर्टला झाली, २०२० ची न्यूझीलंडमधल्या डनेडिनची कोविडमुळे रद्द झाली, मग थेट २०२५ ला क्राकोला. मधल्या दहा वर्षांत एका माणसाची पीएचडी सुरू होऊन संपते, नोकरी लागते किंवा कायमची हुकते. तिथे जायची संधी एकदाच येते. ती हुकू नये म्हणून तिकीट मागितलं तर ते तुटपुंजं ठरत नाही.

आणि वयाची अट काढा. तरुण म्हणजे पस्तिशीच्या आतला, हे गणित लग्न, मुलं, सासरच्यांची आजारपणं सांभाळत चाळिशीत पीएचडीला नाव घातलेल्या बायकांना बाहेर ठेवतं. पीएचडी मिळाल्यापासूनची वर्षं मोजा.

जुना_फळा
वयाच्या अटीबद्दल शंभर टक्के सहमत. तिथे दुमत असण्याचं कारणच नाही.

लीड्सकर
गोदाकाठ, प्रवासखर्चच द्यायचा तर एक व्यवहाराची गोष्ट धरून चला. निकाल परिषदेच्या सहा-आठ आठवडे आधी लागला तर व्हिसाची तारीखच मिळत नाही. निदान पाच महिने आधी लागायला हवा.

जुना_फळा
पाच महिने आधी निबंध लिहून झालेला नसतो. म्हणजे दोनशे शब्दांच्या सारांशावर लाखाचा खर्च मंजूर करायचा. सारांश सगळ्यांचेच चमकदार असतात. निवडणार कसं?

गोदाकाठ
सारांशासोबत क्षेत्रकामाच्या टिपणांची चार पानं मागवा, ज्या भाषेत असतील त्या भाषेत. ती भाषा येणारं माणूस शोधून वाचून घेणं हे संघटनेचं काम. चार पानं तीन परीक्षकांबाहेरच्या कोणालाही वाचायला देता येतात, त्यामुळे तुमची तीस भाषांची अडचणही कमी होते. कोण लोकांमध्ये जाऊन बसलंय आणि कोणी नुसते संदर्भ जुळवलेत, हे चार पानांत कळतं.

जुना_फळा
टिपणांत माणसांची नावं असतात, नवस, आजार, घरातली भांडणं असतात. ज्यांनी विश्वासाने सांगितलं त्यांना न विचारता ती पानं परक्या समितीकडे पाठवायला मी माझ्या विद्यार्थ्यांना कधीच परवानगी देणार नाही. यावर उत्तर असेल तर सांगा, मी बक्षिसाचा आग्रह सोडायला तयार आहे.

भीमथडी
नावं, गावं बदलून पानं नव्याने लिहून काढता येतात. आम्ही प्रबंधाच्या परिशिष्टासाठी तेच केलं. वेळ लागतो, पण टिपणांतला माणूस झाकला जातो आणि काम दिसतं. उद्या संध्याकाळपर्यंत त्याचा नमुना इथे टाकतो, सर, तुम्ही बघून सांगा.