तळजाईवर नवी शंभर रोपं लावू, की आहेत तीच जगवू?

नमस्कार. मी पुण्यात सहकारनगरला राहते. आम्ही दहा-बारा जण दर रविवारी सकाळी साडेसहाला पाण्याचे कॅन घेऊन तळजाई टेकडी चढतो. माझ्याकडे पाच लिटरचा, तरुण मुलं दोन-दोन उचलतात. वन विभागाची परवानगी घेऊन गेल्या दोन पावसाळ्यांत आम्ही ६० रोपं लावली. परवा मोजली तर २३ जिवंत.

गेल्या रविवारी वाळलेला एक कडुनिंब ओढून पाहिला. काडी सहज हातात आली आणि तिच्याबरोबर नर्सरीची काळी पिशवी, अख्खी. मुळं आतल्या आत गोल फिरून गुंडाळली गेलेली, एकही बाहेर पडलेलं नाही. वर्षभर आम्ही त्या पिशवीला पाणी घालत होतो. मी तिथेच खाली बसले.

आता ५ जूनच्या पर्यावरण दिनासाठी एकांनी १०० रोपं देऊ केली आहेत. सगळे खूश आहेत. माझं म्हणणं, ही २३ आणखी दोन उन्हाळे काढेपर्यंत नवं एकही नको. त्यावर ‘तुम्ही उत्साहावर विरजण घालता’ असं ऐकावं लागलं. माझं चुकतंय का? आणि मुरुमात पाणी टिकवायचं कसं? ओतलं की दहा मिनिटांत जमीन कोरडी.

— सहकारनगरची काकू

मुरूमातला माळी: काकू, तुमचं बरोबर आहे. ५ जूनला पुण्यात पाऊस सुरूच झालेला नसतो, तो साधारण १० तारखेच्या पुढे. रोपं चांगले दोन-तीन पाऊस झाल्यावर लावा. खड्डे मात्र आत्ता, मे महिन्यातच काढून तापू द्या. दोन फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल. मुरुमात पहारीशिवाय होणार नाही. उताराच्या खालच्या अंगाला दगडांचा अर्धगोल बांध घाला, वरून येणारं पाणी तिथे थांबतं.

पाण्यासाठी रोपाशेजारी छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि तोंडावर फरशीचा तुकडा ठेवा. ते हळूहळू पाझरत राहतं. घरचा जुना माठ वापरणार असाल तर आधी पाणी भरून बघा. क्षारांनी छिद्रं बुजलेली असतात, बाहेरून ओल दिसली नाही तर काथ्याने खसखसून घासा. आळ्यात चार बोटं पालापाचोळा पसरा, पण खोडाला चिकटवू नका, खोड कुजतं.

सालई: ती १०० रोपं कसली आहेत, हे आधी विचारा. टेकड्यांवर गिरिपुष्प आधीच भरपूर आहे. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं झाड, झपाट्याने वाढतं म्हणून लावलं गेलं, बिया विषारी म्हणून त्याला उंदीरमारीही म्हणतात. त्याच्या दाट सावलीत आपलं गवत फारसं येत नाही. मेडशिंगी, सालई, बारतोंडी, हेंकळ ही इथली झाडं. पांगारा आणि मोई तर फांदी खोचूनही लागतात.

अजून एक, मोकळी दिसते म्हणून प्रत्येक जागा भरू नका. टिटवी याच दिवसांत उघड्या मुरुमावर अंडी घालते. पहार मारण्याआधी पायाखाली नीट बघा, अंडी खड्यांसारखीच दिसतात.

पर्वती पायथा: आमच्या गटाची जवळपास निम्मी रोपं पाण्यावाचून नाही, वणव्यात गेली. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळलं की एक ठिणगी पुरते. दिवाळीनंतर वन विभागाला भेटून जाळरेषा (आग पुढे पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) कुठे काढणार ते विचारा, मदतीला माणसं द्या. प्रत्येक रोपाभोवतीचं दोन हात गवतही तेव्हाच काढा. आणि १०० रोपं देणाऱ्यांना दुखवू नका. त्या पैशांत मडकी आणि पोयटा, म्हणजे गाळाची माती, मागा, बहुतेक देतील.

सहकारनगरची काकू: सगळ्यांचे मनापासून आभार. मडक्यांचं त्यांना आजच फोन करून विचारलं, ‘बघतो’ म्हणालेत. गटात असं ठरतंय की मेलेल्या ३७ पैकी २० जागी खड्डे पुन्हा काढायचे आणि जुलैत तेवढीच रोपं लावायची. पिशवी कापून काढल्याचं प्रत्येक रोपामागे एकाने डोळ्यांनी पाहायचं, ही अट मी घातली आहे आणि त्यावर मी हटणार नाही. वाळलेली बाकीची रोपंही या रविवारी उपटून बघणार आहोत, अजून किती पिशव्या निघतात ते कळेल.

आमच्याकडे पहार एकच आहे. सहकारनगर-पद्मावती भागात कुणाकडे जादा असेल तर कृपया कळवा, मी स्वतः येऊन नेईन.