रविवारचा रद्दीवाला

सेक्रेटरी (ए ३०२): नमस्कार मंडळी. सोसायटी ऑफिसच्या भिंतीला परत ओल आलीये. ११ खोकी कागद आहेत, दोन खालून भिजलीत. माझ्या भाच्याने सगळं मोबाइलवर स्कॅन करून ड्राइव्हवर टाकलंय. रविवारी रद्दीवाला येतोय. कुणाची हरकत?

बी ४०३: चालेल. जागा मोकळी झाली की कॅरम ठेवू.

बी ४०३: आज पाणी ५ ला की ६ ला?

सी ५०१: थांबा थांबा! आधी रद्दीवाल्याला नको म्हणा. ही चूक मी अंबड एमआयडीसीत करून बसलोय.

सी ५०१: आमचं छोटं मशीन शॉप. माल गेला की डिलिव्हरी चलनाची, म्हणजे मालासोबतच्या कागदाची, एक प्रत माल घेणाऱ्या पार्टीच्या स्टोअरवाल्याच्या सही-शिक्क्यासकट परत येते. ती रिसीव्ड कॉपी म्हणजे आमचं सगळं काही. ऑफिसातल्या पोराने हौसेने सगळी चलनं स्कॅन केली, कागद रद्दीत. पुढे एका पार्टीने ३८० नगांचे पैसे अडवले. म्हणे मालच आला नाही. स्कॅन दाखवला तर म्हणे ही सही आमची नाही. सही तपासणाऱ्याकडे गेलो, तो म्हणाला मूळ कागद आणा, पेनाचा दाब स्कॅनमध्ये कुठे बघू? आणि कहर म्हणजे स्टोअरवाला 'मोजून घेतले' असं चलनाच्या मागे लिहून पूर्ण सही करायचा. पोराने फक्त पुढची बाजू स्कॅन केलेली. शेवटी निम्म्यावर मिटवलं.

बी ४०३: पण दादा, आयटी कायदा २००० सालचा आहे. अजून कोर्टात स्कॅन चालत नाही म्हणजे काय?

वकील ताई (बी १०४): चालत नाही असं कोणी म्हणत नाहीये. आत्ताच सीबीएसजवळच्या कोर्टातून तारीख करून आले. लांब लिहितेय, चहा घेऊन वाचा.

वकील ताई: १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू आहे. पण पाया तोच: कागदात काय लिहिलंय ते दाखवायचं तर आधी मूळ कागद. स्कॅन ही झेरॉक्सची सख्खी बहीण, म्हणजे दुय्यम पुरावा. तो कधी देता येतो ते कलम ६० मध्ये आहे. मूळ हरवला, नष्ट झाला, किंवा समोरच्याकडे आहे आणि नोटीस देऊनही तो हजर करत नाही, अशी कारणं. त्यामुळे पहिला प्रश्न 'मूळ कुठे आहे?' हाच येतो. 'किलोच्या भावाने विकला' हे उत्तर उलटतपासात देऊन बघा एकदा.

वकील ताई: शिवाय स्कॅन ही कॉम्प्युटरमधली फाइल, म्हणून कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, जुन्या कायद्यातलं ६५ बी. नमुना अधिनियमाच्या अनुसूचीतच आहे. भाग अ फाइल दाखल करणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू द्यायची. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा, एक टिंब बदललं तरी ठसा बदलतो. पण स्कॅन करायच्या आधीच कागदावर खाडाखोड झाली असेल तर हॅशला काय कळणार? आणि कागदावर कोर्टाची निशाणी (एक्झिबिट नंबर) पडली म्हणजे मजकूर सिद्ध झाला, असंही नाही. सही कुणाची ते सांगायला साक्षीदार लागतोच.

ए १०१ काका: ६५ बी म्हणजे ते जालन्याचं प्रकरण ना?

वकील ताई: हो काका, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. २०१४ ची विधानसभा, अर्ज वेळेत भरले की नाही यावरून वाद आणि पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतला व्हिडिओ. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात आणलं तर गोष्ट वेगळी, नाहीतर प्रमाणपत्र हवंच.

ए १०१ काका: २०१९ च्या पुरात आमचं भांडी बाजारातलं दुकान भरलं. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय ते बघत बघत माल वर चढवला, वह्या खालीच राहिल्या. पार लगदा. मुलीने थोड्या बिलांचे फोटो आधी काढले होते, त्यांचं काय?

वकील ताई: तुमची बाजू भक्कम आहे काका. पुरात गेलं ते नष्ट झालं, आणि कसं गेलं ते सांगता येतं. पंचनामा असेल तर जपा. प्रमाणपत्र फोटोंनाही लागेल. आपल्या सेक्रेटरी साहेबांचा पूर मात्र रविवारी टेम्पो घेऊन येणार आहे.

सी ५०१: आणि मेलवर येणारी बिलं? मी प्रिंट काढून फाइलला लावतो.

वकील ताई: लावा, पण मेल डिलीट करू नका. तिथे मूळ म्हणजे ती मेलच. जीएसटीचे हिशेब तर वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवायचेच आहेत. अजून एक: करारावर मुद्रांक कमी भरला असेल तर मूळ दस्तावर दंड भरून दुरुस्ती होते.

सेक्रेटरी: मग भाच्याचे तीन दिवस वाया?

वकील ताई: मुळीच नाही. कागद शोधायला स्कॅनसारखं काही नाही. फक्त परत करा, रंगीत, दोन्ही बाजूंनी. ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर जांभळा शिक्का खाऊन टाकतो. सभांचं इतिवृत्त, नॉमिनेशन, बिल्डरची पत्रं, ठेकेदारांचे सही केलेले कागद लोखंडी कपाटात, जमिनीपासून वर. नोंदणी केलेल्या दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकाकडून मिळते, साध्या पत्राची कुठून आणाल? बाकी काय टाकायचं ते समितीत यादी करून ठरवा.

बी ४०३: म्हणजे कॅरम नाही.

सेक्रेटरी: रद्दीवाल्याला नको सांगितलं. आत्ता ऑफिसात एक भिजलेली फाइल उघडून बसलोय. बिल्डरच्या पार्किंगच्या पत्राच्या मागे निळ्या पेनाने 'पाहुण्यांच्या ४ जागा सोसायटीच्या' असं लिहून सही केलेली आहे. ड्राइव्हवर पाहिलं. स्कॅनमध्ये फक्त पुढचं पान आहे.

सी ५०१: पंखा लावा आणि ते पान आधी वाळवा. इस्त्री फिरवू नका. खाली येतोय.