मदत हवी आहे: शॉर्टफिल्ममधल्या पोलीस सीनसाठी, कोल्हापूरकर वकील आणि काउन्सेलर लोकहो

नमस्कार मंडळी, आम्ही कॉलेजची पाच पोरं मिळून एक सायकॉलॉजिकल हॉरर शॉर्टफिल्म करतोय. भूत वगैरे काही नाही, अकरावीतली एक पोरगी क्लासमधल्या पोराच्या इतकी नादी लागते की त्याचं व्हॉट्सॲपचं लास्ट सीन वहीत टाइमसकट लिहून ठेवते, त्याने टाकलेलं पेनाचं टोपण कंपासपेटीत जपते, आणि मग एक दिवस रंकाळ्यावर त्याच्या घरच्यांना भेटून सांगते की आमचं ठरलंय. तिला व्हिलन करायचं नाही मला, हे आधीच सांगतो. ती आतून कशी तुटत जाते तेच दाखवायचंय.

अडलंय कुठं बघा, पोराचे वडील पोलीस स्टेशनला जातात तो सीन. भारतीय न्याय संहितेचं कलम 78 वाचलं, त्यात पाठलाग करणारा पुरुष आणि जिचा पाठलाग होतो ती बाई असंच धरलंय. मग इथं पोलीस नोंद कशाखाली घेणार? पोरगी 16 ची, म्हणजे पुढं बाल न्याय मंडळाकडं जाणार ना?

दुसरं म्हणजे एखाद्या काउन्सेलर ताईंनी स्क्रिप्ट वाचून द्यावी. अशा ओढीला लिमरन्स म्हणतात, डोरोथी टेनोव्ह बाईंनी 1979 ला हा शब्द पुस्तकातून मांडला एवढं वाचलंय, पण ते कधी आजारापर्यंत जातं ते नीट कळलं नाही आणि चुकीचं दाखवायची भीती वाटते कारण बघणारी पोरं त्याच वयाची असणार. स्क्रिप्ट 14 पानांची आहे, मी स्वतः आणून देतो, शाहूपुरी राजारामपुरी कुठंही. कोणी ओळखीचं असेल तर सांगा की प्लीज.