अनुभव धागा: बाळाचं पहिलं वर्ष

ट्रंकवाली
नाताळ जवळ आला म्हणून पडदे काढायला काल ट्रंक उघडली. तळाशी आईच्या जुन्या मलमलच्या साडीत गुंडाळलेला पांढरा झगा निघाला. डांबराच्या गोळ्यांचा वास, गळ्याला आईने क्रोशाने विणलेली लेस, छातीपाशी चिमटीएवढा मेणाचा डाग. माझ्या लेकीच्या बाप्तिस्म्याचा. मेणबत्ती तिच्या मामाच्या हातात होती आणि त्याचा हात थरथरत होता. हा झगा आधी मी घातलाय, मग भावाने, मग लेकीने. ती आता अकरावीत आहे. मी तिथेच पलंगावर बसून राहिले, दूध उतू गेलं तरी कळलं नाही.

तिचं पहिलं वर्ष पुण्यात गुरुवार पेठेत दोन खोल्यांत गेलं. सासूबाई शेगडीवर ओवा, बाळंतशेपा टाकून धुरी द्यायच्या आणि देता देता स्तोत्र म्हणायच्या. सव्वा महिना झाल्यावर पहिल्यांदा तिला चर्चला नेलं. पाळकसाहेबांनी उपकारस्तुतीचं (देवाचे आभार मानून दिलेल्या दानाचं) पाकीट वाचून दाखवलं, आमच्या घराचं नाव घेतलं, आणि अख्खं चर्च मागे वळून बघायला लागलं. मला वाटलं, एवढी माणसं आपल्या पोरीसाठी आनंदली आहेत!

तुमच्याही आठवणी लिहा ना. ख्रिस्ती घरातल्याच पाहिजेत असं नाही.

घंटानाद
पंचहौद चर्च का? मग आपण एकाच चर्चचे. पंचहौद म्हटलं की लोक १८९० चा चहा काढतात, इथल्या मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांना घ्यावं लागलेलं ते प्रायश्चित्त. मला मात्र माझा मुलगा आठवतो. मनोऱ्यात आठ घंटा आहेत, त्या वाजायला लागल्या की रडणारं पोर एकदम गप्प. डोळे मोठे करून वर बघायचा. सात महिन्यांचा असताना घंटा थांबली की "आं?" करायचा, पुन्हा वाजव म्हणून. बाकी नंतर लिहितो, कुकर झालाय.

नाना पेठ
आम्ही क्वार्टर गेटच्या सिटी चर्चचे, कॅथलिक. सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर १७९२ पासून आहे ते. धर्ममाता (गॉडमदर) आत्याच झाली, तिने महिनाभर आधीपासून उपास धरले होते. फादरांनी डोक्यावर पाणी ओतलं आणि बाळ तीनदा शिंकलं! पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून लहान मेणबत्ती पेटवून बाळाच्या बाबांच्या हातात दिली तेव्हा हे रडले. लग्नातही रडले नव्हते.

पाळणा आमचा
आम्ही हिंदू, पण समोरच्या ब्लॉकमधल्या ताईंच्या बाळाचं बारसं आमच्याच पाळण्यात झालं. सागवानी आहे, माझ्या आजेसासूबाईंचा. त्यांनी पाळण्याला नाताळची चांदणी बांधली, आम्ही घुगऱ्या वाटल्या. पाळणा म्हणताना त्यांच्या आईने आपल्या मनाने येशूबाळाचं कडवं घातलं, आम्ही सगळ्या जणींनी ते धरलं. माझ्या नातवाचं बारसं झालं तेव्हा ते कडवं आपोआप तोंडात आलं.

साडेतीन महिने
सॉरी, विषयांतर. आज साडेतीन महिन्यांची लस दिली, मांडीवर गाठ आलीय, ताप आहे. कुणी जागं आहे का?

नाना पेठ
@साडेतीन महिने थंड पाण्याचं फडकं ठेव, चोळू नकोस. ताप बघत राहा, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच औषध दे. अंगावर पाजत राहा. ताप वाढला किंवा बाळ मलूल वाटलं तर फोन कर त्यांना.

साडेतीन महिने
झोपली. थँक्यू ताई ❤️ उद्या आमच्या नाताळचं लिहिते.

आगमनकाळ
आमची मार्च २०२० ची. आठव्या दिवशी लॉकडाऊन. बाप्तिस्मा नाही, पाहुणे नाहीत, माझी आई नगरला अडकली. ईस्टरची उपासना मोबाईलवर, बाळ मांडीवर. आजीने तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ती पालथी पडायला लागली होती. देवळं, चर्चं १६ नोव्हेंबरला उघडली आणि आम्ही २९ ला बाप्तिस्मा केला, आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या चार रविवारांतला) पहिला रविवार. त्याच दिवशी आमच्या सीएनआयला (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाला) ५० वर्षं झाली होती. मास्क लावून, मोजकी माणसं. पाळकसाहेबांनी पाणी लावल्यावर ती त्यांचा मास्क ओढायला लागली. आई बाहेर आली आणि पायरीवर बसून गायला लागली, एकटीच.

चौदाशे ग्रॅम
वाचतेय केव्हाची. आमचा बत्तिसाव्या आठवड्यात आला, १४०० ग्रॅमचा. काचेच्या पेटीत. तिसऱ्या रात्री डॉक्टरांनी आशा ठेवू नका असं जवळजवळ सांगितलंच. साडेदहाला फादर आले, हात धुऊन, गाऊन घालून, कापसाच्या बोळ्याने त्याच्या कपाळाला पाणी लावलं. झगा नाही, मेणबत्ती नाही. नंतर रोज चार चार तास त्याला छातीशी धरून बसायचे, कातडीला कातडी लावून. एक सिस्टर ड्यूटी संपली तरी माझ्याशेजारी थांबायची. पहिल्या वाढदिवसाला साडेसात किलो भरला. मावा केक आणला, त्याने तो मुठीत दाबून कानात घातला. आता दुसरीत आहे आणि आत्ता माझ्याशी पेन्सिलवरून भांडतोय.

घंटानाद
@चौदाशे ग्रॅम डोळे भरून आले ताई. त्याला माझा एक पापा द्या.

हन्नाची लेक
आमच्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत, समर्पण करतात. समजत्या वयात तो आपण होऊन घेतो. समर्पणाला बायबलमधला हन्ना आणि तिच्या मुलाचा, शमुवेलाचा भाग वाचला. पुढे येतं ना, ती दर वर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून न्यायची? माझ्या आईने ते ऐकलं आणि तेव्हापासून दर वाढदिवसाला हाताने शिवते. पहिलं झबलं माझ्याकडे आहे, वितीएवढं.

पाळणा आमचा
कुणीतरी मधाचं लिहा ना. सूनबाई म्हणते वर्षाच्या आत मध द्यायचाच नाही, आणि आम्ही तर सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवली सगळ्यांना.

नाना पेठ
सूनबाई बरोबर आहे मावशी, वर्षाच्या आत मध अजिबात नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजांपासून तान्ह्याला विषबाधा होऊ शकते. सहा महिन्यांनंतर नाचणीचं सत्त्व द्या, तेच छान.

ट्रंकवाली
सगळ्यांचं वाचलं, दोनदा. @आगमनकाळ तुमच्या आईला माझा सलाम सांगा.
झगा रिठ्याच्या पाण्यात भिजवला होता, आता सावलीत वाळतोय. लेस जरा पांढरी झाली. वहिनीच्या बाळाला हाच घालायचाय, पण ते चांगलं बाळसेदार आहे, झगा काखेत बसणार नाही, म्हणून पाठ उसवून बंद लावणार आहे. पाव इंची पांढरी सॅटिनची फीत कुठे मिळेल?

घंटानाद
बोहरी आळी. शनिवारी जा.