टिलर जमिनीत घुसायचं सोडून पुढेच पळतो, कसा आवरायचा?

नवी_बागवाली:
परसबागेसाठी सेकंडहँड पेट्रोल टिलर (माती खणायचं मशीन) घेतलाय. पाती इंजिनाच्या खालीच आहेत, चाकं नुसती इकडून तिकडे न्यायला. लिव्हर दाबली की पुढे पळत सुटतो. मागे ओढून धरते, तर दोन फेऱ्यांत खांदे भरून येतात. माती कडक आहे, हराळी माजलीये आणि ती पात्यांना गुंडाळते. भाऊ म्हणतो, इंजिन हळू ठेव आणि काठीने काढ. चालेल का? माहितीपुस्तक मिळालेलं नाही.

गॅरेजवाले_काका:
ताई, आधी भावाच्या हातातली काठी काढून घ्या. हराळी गुंडाळली की इंजिन बंद. पाती थांबू द्या, स्पार्क प्लगची (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या भागाची) कॅप ओढून बाजूला करा, मगच हात घाला. नुसत्या स्विचवर विसंबू नका. जुन्या मशीनचा स्विच दगा देतो, आणि पाती हाताने फिरवताना इंजिनाचा एक ठोका पडला तरी बोटं गेली. जाड हातमोजे घाला, पाती उलटी फिरवत विळ्याने कापत काढा. सायलेन्सर तापलेला असतो, कोपर सांभाळा.

आता पळण्याचं. या प्रकारात पाती हीच चाकं. कडक जमिनीत ती रुतत नाहीत, वरूनच चालत सुटतात. ते हाताच्या जोरावर आवरायचं कामच नाही. मागे भोकं पाडलेली, पिनने वर-खाली होणारी दांडी असेल बघा. तोच ब्रेक. ती मातीत रुतली की मशीन अडतं, आणि अडलं की पाती खणतात. हँडल खाली दाबलं की वेग कमी, जरा उचललं की पुढे. चाकं वर घ्या. पहिली फेरी दोन-तीन इंचच, मग दांडी एक भोक खाली करून आडवी फेरी. पहिल्याच दमात खोल जायला गेलात की उड्या मारणारच.

आणि उलटं चालत अंगावर ओढू नका. पाय घसरला तर पाती पायावर येतात. हातातून सुटायला लागला तर लिव्हर सोडून द्यायची, पाती थांबली पाहिजेत. थांबत नसतील तर आधी केबल दुरुस्त, मग बाग. लिव्हर सुतळीने बांधून ठेवणारे महाभागही पाहिलेत मी!

माती_आणि_मी:
काकांशी सहमत, पण अर्धं दुखणं मातीचंच आहे. आधी पाणी द्या आणि वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी. मुठीत दाबलेला गोळा बोटाने टोचल्यावर फुटला तर चालवा, चिकट राहिला तर थांबा. ओल्यात फिरवलात तर वाळल्यावर दगडासारखी ढेकळं होतील.

हराळी मात्र आधी कुदळीने उपटा. टिलर तिचे तुकडे करतो आणि तुकड्या-तुकड्यातून ती परत उगवते. ठिबकच्या नळ्या, तारा, दगड वेचून घ्या. जमिनीखालून वायर गेलीये का तेही विचारा.

शांत_दुपार:
बंद बूट, घट्ट कपडे, ओढणी नको. कानाला काहीतरी लावा. पेट्रोल भरायचं ते इंजिन गार झाल्यावर. शेडमध्ये चालू करून ठेवू नका, धूर जीवघेणा असतो.

नवी_बागवाली:
दांडी सापडली! आधीच्या मालकाने सगळ्यात वरच्या भोकात अडकवली होती. अजून एक. पात्यांची धारदार कड मागच्या बाजूला दिसते. असंच असतं का?

गॅरेजवाले_काका:
नाही. पाती फिरताना धार आधी मातीत शिरली पाहिजे. डावा-उजवा संच अदलाबदल झालेला दिसतोय. प्लगची कॅप काढा, दोन्ही बाजूंच्या पिना काढून संच आपसात बदला. पिना झिजल्या असतील तर त्याच मापाच्या नव्या घाला, खिळा ठोकू नका.